ओझं आधी, पिकअप नंतर

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. कॅराव्हॅन म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी. हॉटेल शोधत बसायचं नाही, जिथे जागा आणि परवानगी मिळेल तिथे मुक्काम. कल्पना कुणालाही आवडेल अशीच आहे. पण तयार कॅराव्हॅन विकत घ्यायची तर खर्चाचा आकडा ऐकूनच बरेच जण मागे फिरतात. मग दुसरा विचार येतो, की एखादी दणकट जुनी पिकअप घ्यावी, तिच्या पाठीवर छोटी खोली बांधून घ्यावी किंवा मागे ट्रेलर जोडावा आणि कोकणाची, नाहीतर नाशिकची वाट धरावी.

ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्याला हा विचार जास्तच जवळचा वाटतो. वागळे इस्टेटमधली गॅरेजं आणि फॅब्रिकेशनचे गाळे हाकेच्या अंतरावर आहेत. माजिवड्याला महामार्गावर चढलं की भिवंडीची गोदामं लागतात आणि तिथे रोज असंख्य पिकअप माल भरतात. त्यामुळे जुनी पिकअप शोधायला लांब जावं लागत नाही. खरी अडचण असते ती निवडीची. बहुतेक जण सुरुवात करतात ती इंजिनापासून किंवा रंग, टायर, म्युझिक सिस्टिमपासून. सुरुवात करायला हवी वजनापासून, कारण घर पाठीवर घेतलेल्या गाडीचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर ठरतं: ती किती ओझं पेलू शकते आणि ते ओझं घेऊन किती सुरक्षितपणे थांबू शकते?

आरसीवरचे दोन आकडे

गाडी बघायला जाण्याआधी आरसी मागवा आणि तिच्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्यात चालकाचं वजन धरलेलं नसतं. दुसरा ग्रॉस व्हेइकल वेट, म्हणजे माणसं आणि माल धरून गाडीचं जास्तीत जास्त जितकं वजन चालेल तितकं. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतं ते आपलं भांडवल. घराचा सांगाडा, पाणी, गॅस, भांडी, बिछाने आणि आपण स्वतः, सगळं त्यातच बसवायचं.

उदाहरणादाखल एक पिकअप धरू. ग्रॉस वजन २,९९० किलो आणि रिकामं वजन १,६९० किलो. हातात उरले १,३०० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. आता घर भरायला घेऊ. लोखंडी सांगाडा, पत्रा, प्लाय आणि उष्णतारोधक थर यांचे ५५० किलो. बिछाने, ओटा आणि कपाटं १५० किलो. टाकीसह दीडशे लिटर पाणी १६० किलो. १५० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी एकटीच ५५ किलोच्या आसपास भरते, त्यात इन्व्हर्टर आणि सोलर पॅनल धरले की १०० किलो. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास ३० किलो, कारण आतला गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडी टाकीचं वजन तितकंच असतं. छोटा फ्रीज, शेगडी, भांडी ७० किलो. चार माणसं २८० किलो. कपडे, किराणा, खुर्च्या, दोऱ्या, टॉर्च असं बाकीचं १२० किलो. बेरीज झाली १,४६० किलो.

म्हणजे पहिल्याच सहलीला गाडी १६० किलोनं ओव्हरलोड. मूळचा हौदा उतरवून त्याजागी खोली बसवली, तर हौद्याचं वजन वाचेल. पण तेवढ्यानं आपण जेमतेम काठावर येतो आणि काठावर चालणाऱ्या गाडीत परतीच्या वाटेवर आंब्याची पेटी टाकायचीही सोय राहत नाही. पेलण्याच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा तरी रिकामा राहील अशी गाडी निवडावी, हा हिशोब सुरक्षित आहे. वरच्या यादीसाठी १,३०० किलो पेलणारी पिकअप अपुरी आहे. अठराशे किलोच्या वर्गातलीच बघायला हवी.

बाजारातल्या बऱ्याच पिकअपचं ग्रॉस वजन ३,००० किलोच्या जरासंच खाली का थांबतं, याचं उत्तर कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार ३,००० किलोपर्यंत ग्रॉस वजन असलेल्या मालवाहू गाडीला परवान्याची अट लागू होत नाही. म्हणून कंपन्या त्या रेषेच्या आत गाडी बसवतात. त्यापुढची रेषा ३,५०० किलोची, कारण एन-१ हा हलक्या मालवाहू गाड्यांचा वर्ग तिथे संपतो. जड कामाच्या पिकअप या दोन रेषांच्या मध्ये सापडतात. लायसन्सची चिंता मात्र नको. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं.

पाठीवर की मागे?

घर नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक पिकअपच्या चेसीसवर खोली बांधणं, दुसरा वेगळा ट्रेलर मागे जोडून ओढणं. अमेरिकेत आणि युरोपात दुसरा मार्ग रुळलेला आहे. तिथल्या जड पिकअपला 'ओढण्याची क्षमता' हा वेगळा आकडा दिलेला असतो आणि तो ठरवायची पद्धतही ठरलेली आहे. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेनं तयार केलेल्या 'एसएई जे-२८०७' या मानकात ट्रेलर जोडलेली गाडी ॲरिझोना राज्यातल्या डेव्हिस डॅमजवळच्या सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या चढावर, कडक उन्हात, एसी चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढली पाहिजे अशी अट आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पिकअपच्या माहितीपत्रकात पेलण्याचा आकडा ठळक असतो, ओढण्याचा बहुधा शोधावा लागतो. ज्या गाडीला तो आकडा कंपनीनं दिलेलाच नाही, तिच्या मागे गॅरेजमधून हूक लावून ट्रेलर जोडणं म्हणजे अंदाजानं चालणं.

ओढण्यातही पाठीवरचं ओझं चुकत नाही. ट्रेलर सरळ रेषेत चालायचा तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यावा लागतो. हजार किलोचा ट्रेलर असेल तर शंभर ते दीडशे किलो वजन पिकअपच्या मागच्या टोकावर बसतं. हुकावर भार कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि तो झोका वाढत गेला की गाडीलाही सोबत घेऊन जातो. शिवाय ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्यावर लिहावा लागतो. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपणही ती मर्यादा मनाशी धरून चालावं.

याखेरीज ठाण्याचं वास्तव आहेच. पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या असलेल्या सोसायट्यांत दुचाकी लावायला जागा मिळणं कठीण, तिथे पंधरा फुटी ट्रेलर कुठे ठेवणार? आणि शास्त्रीनगर-लोकमान्यनगरच्या गल्लीत तो रिव्हर्स घेणं हा वेगळाच प्रसंग. त्यामुळे इथल्या माणसाला पाठीवरचं घरच सोयीचं. मग निवडही पेलणाऱ्या पिकअपची करायची.

अश्वशक्ती दिसते, पाटे दिसत नाहीत

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. महागडी, उंच, चारही चाकांना ताकद देणारी पिकअप जास्त ओझं नेत असणार, असं आपण धरून चालतो. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. २.८ लिटरचं इंजिन, २०४ अश्वशक्ती. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ पासून इथे आहे आणि तीही ताकदवान. उलट बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. तरीही पाच माणसं बसल्यावर हौद्यासाठी उरणारं वजन मोजलं, तर हायलक्स किंवा व्ही-क्रॉस कामाच्या पिकअपच्या निम्म्यालाही पोचत नाही.

याचं कारण रचनेत आहे. दोन रांगांची केबिन, चार चाकांची यंत्रणा, रुंद टायर आणि आतली सजावट यांमुळे गाडीचं स्वतःचंच वजन वाढतं. वर आरामदायी प्रवासासाठी पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मऊ ठेवलेले असतात. कामाच्या पिकअपला मागे जाड पाट्यांचा थर असतो. रिकामी असताना ती खड्ड्यात उडते, पण भरल्यावर शांत चालते. महिंद्रानं २०२२-२३ मध्ये आणलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मालिकेत १.३ टनांपासून २ टनांपर्यंत पेलणारे प्रकार आहेत. टाटाची योद्धा २०१७ ची, तिच्या पुढच्या आवृत्तीत शंभर अश्वशक्तीचं २.२ लिटरचं इंजिन आहे आणि २०२२ च्या योद्धा २.० ची क्षमता दोन टनांची. जुन्या बाजारात टाटा २०७ अजूनही दिसते, पण वयामुळे तिच्याकडे जपून बघावं. छोटा हत्ती, म्हणजे २००५ ची टाटा एस, या कामासाठी लहान पडते.

दोन रांगांच्या केबिनचा मोह समजण्यासारखा आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात सहलीची माणसं बसवायला नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे कुटुंब चालत्या गाडीत केबिनमध्येच बसायला हवं. बोलेरो कॅम्पर, योद्धाची क्रू कॅब या गाड्या त्यासाठी सोयीच्या. पण केबिन लांबली की हौदा आखूड होतो आणि मागची खोली मागच्या धुऱ्याच्या बाहेर लोंबू लागते. तिथला प्रत्येक किलो दुप्पट त्रास देतो. दोन धुऱ्यांमधलं अंतर ३ मीटर असेल आणि मागच्या धुऱ्याच्या एक मीटर मागे २०० किलोची पाण्याची टाकी असेल, तर मागच्या धुऱ्यावर २०० नव्हे, सुमारे २६७ किलो भार येतो आणि पुढचा धुरा ६७ किलोनं हलका होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगही हलकं लागतं आणि पावसाळ्यात घसरण्याची भीती वाढते. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये, शक्य तितक्या खाली बसवायच्या. मागे किती लोंबायचं यालाही नियमाची मर्यादा आहे, दोन धुऱ्यांमधल्या अंतराच्या साठ टक्के.

गाडीचं आधीचं आयुष्य

जुनी पिकअप विकत घेताना आपण तिच्या आधीच्या मालकाचा धंदाही विकत घेत असतो. मीटरवरचे किलोमीटर फिरवता येतात, धंद्याच्या खुणा लपवता येत नाहीत.

भिवंडीच्या गोदामातून शहरभर कुरिअर वाटणारी गाडी ओझ्यानं दमलेली नसते, पण दिवसभर क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करून तिची क्लच प्लेट आणि ब्रेकचे लायनर झिजलेले असतात. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो आणि त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, तापलेल्या इंजिनानं धावावी लागते. घोडबंदर रोडच्या कोंडीत आयुष्य गेलेल्या गाडीचा हा फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो बदलणं खर्चिक. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतोय का, ते चावी फिरवताना नीट बघा. चावी दिल्यावर सगळे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

नाशिककडून कसारा घाट उतरून भाजी आणणाऱ्या गाडीचं इंजिन सहसा चांगलं असतं, कारण ते लांबच्या रस्त्यावर चाललेलं असतं. पण रात्रीची घाई आणि घाट यांनी ब्रेक आणि गिअरबॉक्स दमवलेले असतात. हौद्याचा तळ भाजीच्या पाण्यानं सडलेला असतो, तो तर आपण काढणारच. मासळी वाहणाऱ्या गाडीपासून मात्र चार हात लांब राहावं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसीसवर ठिबकतं आणि लोखंड आतून खातं. वरून रंग मारला की ते दिसत नाही.

सगळ्यात धोक्याची ती वीट, खडी आणि रेती वाहिलेली गाडी. शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतल्या वीटभट्ट्या आणि शिळफाट्याकडच्या खाणी यांवर चाललेल्या पिकअपनं कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त ओझं नेलेलं असण्याची दाट शक्यता असते. तिचे पाटे सपाट होऊन उलटे वळलेले दिसतात, नाहीतर वरून जास्तीचे पाटे घातलेले असतात. जास्तीचे पाटे बघून गाडी मजबूत आहे असं समजू नका. पाटे वाढवले म्हणून चेसीस, धुरा, बेअरिंग आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही, आणि आरसीवरचा आकडाही बदलत नाही.

खाली वाकून बघायच्या गोष्टी

गाडी दिवसा बघा, धुतलेली नको असं आधीच सांगा, आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला बोनेटआधी गाडीखाली जायला सांगा.

चेसीसच्या दोन लांब दांड्यांवरून हात फिरवा. पाट्याचे कान जिथे चेसीसला जोडलेले असतात तिथे आणि केबिनच्या मागे लगेच, या दोन जागी तडे जातात. तिथे वेल्डिंगची रेघ, वरून मारलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर गाडी सोडा. इंजिन उतरवून नवं करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण वाकलेल्या चेसीसवर बांधलेली खोली कायम करकरत राहील आणि दारं अडकतील. दोन्ही बाजूंचे पाटे एकाच उंचीला आहेत का, सेंटर बोल्ट सरकलाय का, मागच्या डिफरन्शिअलच्या हाउसिंगला तेल गळतंय का, शाफ्टचे जॉइंट क्रॉस ढिले आहेत का, हे बघा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेलेलं आहे आणि ते तेल लायनरवर उतरत असणार.

टायर बोलके असतात. पुढचे टायर एकाच कडेनं खाल्लेले असतील तर पुढची जोडणी बिघडलेली, नाहीतर पुढचा भाग कधीतरी ठोकलेला. बाजूच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. त्याच भिंतीवर भार-निर्देशांकही असतो. १०० चा अर्थ त्या टायरनं ८०० किलो पेलायचे, ११३ चा अर्थ १,१५० किलो. मागच्या दोन टायरांची बेरीज मागच्या धुऱ्यावर येणाऱ्या भाराहून जास्त आहे का, हे कागदावर मांडून बघा. कारचे स्वस्त टायर चढवलेली पिकअप बाजारात सर्रास मिळते.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायचा हट्ट धरा. आधीच सुरू करून गरम ठेवलेली गाडी काहीतरी लपवते. सुरू होताना क्षणभर धूर निघणं साधारण आहे, पण निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, बहुधा इंजेक्टर किंवा टर्बोची कुरबुर. पांढरा धूर बराच वेळ राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलची कॅप ढिली करा. तिथून जोरात वाफारा मारत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरची कॅप मात्र इंजिन थंड असतानाच उघडायची. आतल्या पाण्यावर तेलाचा तवंग नको.

चढवणं सोपं, उतरवणं अवघड

कसारा आणि इगतपुरी यांच्यात उंचीचा फरक सुमारे ३०० मीटरचा आहे. तीन टनांची गाडी तो उतरते, तेव्हा तिच्याकडची जवळपास ८८ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात थोडी जाते. उरलेली ब्रेकवर टाकली तर तिची उष्णता होते. ८८ लाख जूल म्हणजे २० अंशांच्या २६ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता. ब्रेकच्या डिस्क आणि ड्रमचं मिळून ४० किलो लोखंड धरलं आणि सगळी उष्णता त्यातच साठली असं मानलं, तर त्याचं तापमान पावणेपाचशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा काही उष्णता काढून नेतो, पण लायनरची पकड त्याच्या कितीतरी आधी कमी होऊ लागते आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट तळाला जातं.

म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ड्रायव्हरांचा जुना नियम. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे खेचतं आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर ही मदत स्वतःहून फेकून देतो. जुनी गाडी निवडताना या हिशोबाचा अर्थ असा, की अश्वशक्तीच्या आधी ब्रेक आणि गिअरबॉक्स तपासायचे. कमी ताकदीची गाडी घाट हळू चढेल, एवढाच तोटा. थांबता न येणाऱ्या गाडीचा तोटा मोजता येत नाही.

ट्रायल त्यासाठीच घ्यायची, आणि रिकाम्या गाडीची नको. मालकाला सांगून हौद्यात रेतीची किंवा सिमेंटची पोती टाका आणि वजनकाट्यावर एकदा वजन करून घ्या. रिकाम्या गाडीचं वजन आरसीशी जुळतंय का, हेही तिथेच कळतं. उपवनच्या बाजूनं येऊरच्या पायथ्याचा चढ जवळ आहे, पण खरी परीक्षा घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात होते. तिथल्या रांगेत गाडी चढावर थांबते, पुन्हा हलते, पुन्हा थांबते. चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलताना जळका वास आला तर क्लच गेलेला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून द्या. गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर गिअरबॉक्सचं काम निघालं. मोकळ्या सपाट जागी जोरात ब्रेक दाबा आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का बघा. हँडब्रेकनं भरलेली गाडी उतारावर धरून ठेवली पाहिजे. मुक्कामाच्या जागी आपण तिच्यातच झोपणार आहोत.

कागद

गाडी पसंत पडली, की टोकन देण्याआधी कागद. चेसीस आणि इंजिनवर ठोकलेले नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. चेसीस नंबरची पेन्सिलनं घेतलेली छाप पुढे आरटीओत लागतेच, ती तिथल्या तिथे घ्या. छाप अस्पष्ट येत असेल किंवा नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार थांबवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वाहन पोर्टलवर थकलेले ई-चलन, कर, विमा आणि फिटनेस बघता येतात. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या मालवाहू गाडीला पर्यावरण करही लागतो, तो भरलाय का ते विचारा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर, दोन्हींचा हिशोब किमतीत धरा.

कोऱ्या फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवणारे एजंट असतात. त्यांच्याकडून घ्यायचीच असेल, तर मूळ मालकाला समोर बसवून फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. विम्याचं नावही १४ दिवसांत बदलून घ्यायचं. मूळ मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो गाडीबरोबर नव्हे, माणसाबरोबर जातो. विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. नोंदणीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

मग येतो सगळ्यात दुर्लक्षित कागद. मालवाहू म्हणून नोंदवलेल्या पिकअपवर आपल्या मनानं खोली बांधता येत नाही. कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. वाहन पोर्टलवर मोटार कॅराव्हॅन आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असे स्वतंत्र वर्ग आहेत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. म्हणून फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी गाडी ज्या आरटीओत आहे तिथे, म्हणजे एमएच ०४ असेल तर ठाण्यात आणि ०५ असेल तर कल्याणला, आराखडा घेऊन जा. कोणत्या वर्गात नोंद होईल, कोणती मंजुरी लागेल, हे लेखी घ्या. मंजुरीशिवाय केलेला बदल रस्त्यावर दंडापुरता थांबत नाही. अपघातानंतर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००.

निर्णयाचा क्रम

एवढं सगळं एका वेळी डोक्यात ठेवायची गरज नाही, क्रम पाळला की पुरे. आधी घराची वजनाची यादी कागदावर मांडा. तिच्यात चौथा हिस्सा मिळवा, म्हणजे क्षमतेचा पाचवा भाग रिकामा राहतो. तेवढं पेलणाऱ्या पिकअपचे दोन-तीन प्रकार निवडा आणि त्यांतली सुटे भाग सहज मिळणारी धरा. बोलेरो आणि टाटाचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. परदेशी नावाच्या गाडीला माळशेजच्या पायथ्याशी भाग शोधत बसावं लागेल. मग आरटीओत नोंदणीचा प्रश्न विचारा, आणि त्यानंतरच गाड्या बघायला निघा. गाडीखाली आधी, बोनेटमध्ये नंतर, केबिनमध्ये शेवटी.

पैशांची वाटणीही याच क्रमानं करा. हातातली सगळी रक्कम गाडीवर खर्च करू नका. कितीही चांगली जुनी पिकअप असली तरी घेतल्याबरोबर लायनर, ब्रेक ऑइल, सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट आणि गरज असेल तर टायर बदलावेच लागतात, त्यासाठी रक्कम बाजूला ठेवा. खोली बांधून झाल्यावर, सामान भरून, पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणि सगळ्यांना बसवून गाडी पुन्हा एकदा वजनकाट्यावर न्या. पुढचा धुरा वेगळा, मागचा वेगळा, असं वजन करून घ्या. ते आकडे कंपनीनं दिलेल्या मर्यादेत बसले, तर गाडीची निवड बरोबर आली. नाही बसले, तर काय कमी करायचं ते त्या पावतीवरूनच ठरवा: बहुतेक वेळा पाणी अर्धं भरलं, एक कपाट किंवा जास्तीची बॅटरी उतरवली की हिशोब जुळतो.